तेजशिला आणि भुंगीचा मासा

“पेटला! पेटला बघा!”

गच्चीवर आमच्या इमारतीतली आठही बिऱ्हाडं जमली होती आणि सगळी एकदम ओरडली. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका ओठांत दोन टाचण्या धरूनच वर आले होते. त्यातली एक आश्चर्यानं खाली पडली. पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात खडूनं एक गोल आखला होता आणि त्या गोलात पाटीएवढी काळी शिळा ठेवली होती. तिच्या माथ्यावरचा छोटा दिवा लखलखत होता. वायर नाही, प्लग नाही, काही नाही. शिळेवर नुसता तेजगुरूंचा उजवा हात आडवा धरलेला आणि त्या हाताच्या बोटात एक जाडजूड अंगठी.

“हे तेज कुणाचं?” तेजगुरूंनी विचारलं.

“सूर्याचं!”

“वीजवाल्यांचं?”

“नाही!”

“पालिका बसवणार आहे त्या काचांचं?”

“नाही, नाही!”

हात बाजूला झाला, दिवा विझला. लोकांनी श्वास सोडला. माझ्या कडेवरच्या भुंगीनं टाळ्या वाजवल्या. ती तेव्हा दहा महिन्यांची होती. तिला दिव्याचं पेटणं आणि विझणं दोन्ही सारखंच आवडायचं.

मग तेजगुरूंनी शिळा उचलली, बगलेतली काळी छत्री उघडली आणि ते गच्चीच्या मधोमध गेले. सूर्याचा माणूस छत्री घेऊन हिंडतो याचं मला हसू आलं, पण हसले नाही. सासूबाई शेजारी होत्या. भर उन्हात त्यांनी शिळा खाली ठेवली, छत्री उजव्या हातात घेतली आणि डावा हात शिळेवर धरला. दिवा मेलेलाच राहिला.

“निस्तेज,” ते हळहळले. “वरून ऊन दिसतं, पण आत काही नाही. तेजाचे तीन भाग असतात. एक दिसतं, एक लपतं आणि एक फक्त मला दिसतं. टाकीमागचा कोपरा हे तुमचं तेजस्थान. आणि इथे, या मेलेल्या जागेवर, तुम्ही काचा लावणार? काच उपाशी राहिली की काय करते ठाऊक आहे? घरात जो सगळ्यात लहान जीव असेल, त्याचं तेज ओढते.”

असं म्हणून त्यांनी सावकाश मान वळवली आणि भुंगीकडे पाहिलं.

सासूबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले.

भुंगीचं खरं नाव वेगळं आहे. जन्मल्यापासून ती दूध पिताना गुणगुणायची, म्हणून भुंगी. पण सातव्या महिन्यात एक दिवस गुणगुण घशातून न येता छातीतून यायला लागली. डॉक्टरांनी वाफाऱ्याचं यंत्र दिलं. दिवसातून तीनदा तिच्या नाकातोंडावर मास्क धरायचा, यंत्र घुर्र करतं, औषधाची वाफ आत जाते आणि वीसेक मिनिटांत छाती मोकळी होते. यंत्र विजेवर चालतं. आणि आमच्या भागात रोज दुपारी एक ते चार वीज नसते.

म्हणूनच पालिकेचा कागद आला तेव्हा मी तो तीनदा वाचला होता. शहरातल्या घरांच्या छपरांवर सौरसंच, म्हणजे उन्हावर वीज करणाऱ्या काचा, बसवायचे होते, बॅटरीसकट. त्यासाठी एक मोजणीवाली मुलगी येऊन गेली होती. पायात जाड बूट, गळ्यात टेप, हातात एक यंत्र, त्यावर काचेचा घुमट. त्या घुमटात टाकी, पलीकडची उंच इमारत, आकाश सगळं एकदम दिसायचं आणि कुठली सावली कधी कुठे पडेल ते कळायचं. मी वाळत घातलेली लंगोटं बाजूला सारत तिच्या मागे मागे हिंडले होते.

“ताई, शहरातलं एकेक छप्पर आम्ही मोजलंय,” ती म्हणाली होती. “घरांना जेवढी वीज लागते ना, तिच्या निम्म्याहून जास्त त्यांच्याच डोक्यावर रोज पडते आणि वाया जाते. तुमची गच्ची तर पहिल्या प्रतीची. मधल्या भागात नऊ ते चार सावलीच नाही.”

“टाकीमागे मात्र दहानंतर असते,” मी म्हटलं होतं. “पार तीनपर्यंत. तिथे लंगोट वाळत नाही.”

तिनं यंत्रात पाहिलं, मग माझ्याकडे. “बरोब्बर. दहा वाजून पाच मिनिटं. कशावरून कळलं?”

“दिवसाला सतरा लंगोटं होतात,” मी म्हटलं. “कळतंच.”

कागदावर आठही घरमालकांच्या सह्या हव्या होत्या. पुढच्या शनिवारी पाचच्या आत. एक जरी सही कमी पडली तर नंबर पुढल्या वर्षी. आणि आमचं घर सासूबाईंच्या नावावर.

तेजगुरू आले ते नेमके याच आठवड्यात. गच्चीवर तो दिवा पेटला त्या शनिवारनंतर पुढचे सात दिवस इमारतीत जे झालं, ते आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

सगळ्यांनी कपड्याच्या दोऱ्या तेजस्थानी हलवल्या. आठ घरांचे कपडे टाकीमागे एकमेकांना चिकटून लोंबायला लागले. मधली भली मोठी उन्हाची गच्ची मोकळी आणि कोपऱ्यात ही गर्दी. साहजिकच कपडे वाळेनात. वाळेनात म्हणून कोणी दोऱ्या परत हलवल्या का? छे! लोक एकमेकांच्या मनातला मळ शोधायला लागले.

“तळमजल्यावाल्यांच्या घरात भांडणं फार,” एक वहिनी जिन्यात कुजबुजल्या. “त्यांच्या चादरींमुळे आपल्याला ओल लागते.”

शिंपीकाकांनी धुऊन इस्त्री केलेली विजार गिऱ्हाइकानं दुकानातच घालून पाहिली आणि म्हणाला, “काका, विजार ओली आहे की मला ताप भरलाय?”

“तेज आत मुरतंय,” काकांनी सांगितलं. सांगताना त्यांचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता, असं मला वाटलं.

सासूबाईंनी आमची दोरी स्वतः हलवली होती. लंगोटांना कुबट वास येऊ लागला, भुंगीच्या मांड्या लाल झाल्या. मी दोरी मध्ये आणली की त्या परत कोपऱ्यात नेत. आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता दिवसातून चारदा गच्चीवर दोरी बांधत आणि सोडत होतो.

बुधवारी दुपारी वाफारा अर्ध्यावर असताना वीज गेली. नेहमीच्या अर्धा तास आधी. यंत्राची घुरघुर थांबली आणि भुंगीच्या छातीची ऐकू यायला लागली. तिला उचललं, यंत्र पिशवीत कोंबलं, चार मजले उतरले, नाक्यावरच्या औषधवाल्याकडे बॅटरी होती. त्यानं गल्ल्यामागचं स्टूल मोकळं करून दिलं. तिथे खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्याला टेकून मी उरलेला वाफारा दिला. माणसं येत होती, डोकेदुखीच्या गोळ्या मागत होती आणि मी मास्क धरून तिच्या पापण्यांकडे बघत बसले होते.

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या. हातात त्यांचं जुनं घड्याळ. डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं, एका मिनिटात बाळ किती वेळा श्वास घेतं ते मोजायचं. त्यांनी भुंगीला मांडीवर घेतलं, पोटावर हात ठेवला, काट्याकडे पाहत ओठांतल्या ओठांत मोजलं.

“बेचाळीस,” त्या म्हणाल्या. “ठीक आहे.”

“आई, सही करा हो,” मी म्हटलं. “तुमच्यापुढे हात जोडते. रोज मी हिला घेऊन जिने उतरायचे का?”

“आणि सही केली नि हिला काही झालं तर?”

“काचेनं काय होणार आहे?”

“तुला काय ठाऊक? तुला ठाऊक होतं हिची छाती अशी होईल म्हणून? मला ठाऊक होतं?” त्यांचा आवाज फाटला. “एक चूक माझ्या हातून नको, बस.”

त्यांच्यावर चिडावं तरी कसं? त्या मूर्ख नव्हत्या, त्या घाबरल्या होत्या. आणि त्या माणसानं बोट नेमकं तिथेच ठेवलं होतं. मी तिथून उठले, स्वयंपाकघरात गेले, ओटा पुसला, पुन्हा पुसला. मन कुठेच ठरत नव्हतं. काहीतरी डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसत नव्हतं. जिथे ऊन आहे तिथे दिवा पेटत नाही आणि जिथे सावली आहे तिथे लखलखतो. उलटंच आहे की हे! असं उलटं कोणाच्या सोयीचं असेल?

शनिवारी सकाळी आठ लंगोटं एकदम धुतली, एकदम पिळली. दहाला चार तेजस्थानी टाकली, चार मधोमध. साडेबाराला काढली आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

“हात लावा.”

त्यांनी लावला. मधली चार पापडासारखी कडक. कोपऱ्यातली चार गार, जड.

“लंगोटाला काय कळतंय तेजातलं?” त्या म्हणाल्या. पण हात बराच वेळ ओल्यावरच राहिला.

तेवढ्यात वरून हाक आली, “या, या! गुरू आले!”

त्या दिवशी गच्चीवर दोन कागद होते. एक पालिकेचा, सह्या न झालेला. दुसरा तेजगुरूंचा, ‘आम्हाला काचा नकोत, तेजशिला हवी’ असा. पाच घरांनी त्यांना आगाऊ पैसेही दिले होते. आम्ही वर पोचलो तेव्हा शिळा टाकीच्या सावलीत पेटत होती, विझत होती.

“ही शिळा घरात ठेवा,” गुरू सांगत होते. “दिवा, पंखा, यंत्र, सगळं चालेल. फक्त आठवड्यातून एकदा माझ्याकडे तेज भरायला आणायची.”

“पंखा चालवून दाखवाल?” मी विचारलं.

“श्रद्धा मोठी की पंखा?”

“उकडतंय, म्हणून विचारलं.”

कोणीतरी फिसकन हसलं. सासूबाईंनी डोळे वटारले. गुरू मात्र गोड हसत माझ्याकडे आले.

“आईचं मन अस्वस्थ आहे. बालिकेला आशीर्वाद देऊ,” असं म्हणत त्यांनी उजवा हात भुंगीच्या डोक्याकडे नेला.

भुंगीच्या मुठीत तिचा निळा प्लास्टिकचा मासा होता. गळ टाकून मासे पकडायच्या खेळातला. त्याच्या तोंडात चुंबकाची एक टिकली आहे. गुरूंचा हात जवळ आला, भुंगीनं मासा उगारला आणि टक्! मासा तिच्या बोटांतून सुटला आणि गुरूंच्या अंगठीला जाऊन चिकटला.

गुरूंनी हात झटकला. मासा काही पडला नाही. दुसऱ्यांदा झटकला. मासा नाकासमोर हलला, तसाच लटकत राहिला.

“अगं बाई!” एक वहिनी किंचाळल्या. “माशालासुद्धा कळलं!”

“तेजानं ओढला!” गुरूंनी लगेच तोच धागा पकडला.

पण तो मासा मी ओळखत होते. रोज सकाळी तो आमच्या फ्रिजच्या दाराला चिकटलेला असतो. फ्रिजला काही तेज नाही. माझ्या डोक्यात इतके दिवस लोंबकळत असलेलं सगळं एकदम जागच्या जागी बसलं. उजवा हात, अंगठीवाला. डावा हात, बिनअंगठीचा. मी त्यांच्या बोटावरून मासा ओढून काढला. चांगलाच जोर लागला. मग भुंगीला घेऊन शिळेपाशी खाली बसले आणि मासा तिच्या हातात दिला.

“हात लावू नका!” गुरू ओरडले. “अपवित्र होईल!”

भुंगीला ‘नको’ अजून कळत नव्हतं. तिनं मासा शिळेवर आपटला. एकदा डावीकडे, काही नाही. एकदा मधे, काही नाही. मग उजव्या कोपऱ्यात.

दिवा लागला.

तिनं मासा उचलला. दिवा गेला. आपटला, आला. उचलला, गेला. ती खदखदून हसली आणि छातीतली घरघर त्या हसण्यात वाजत राहिली.

मला वाटलं, झालं, संपलं. पण कुठलं! तो माणूस कच्चा नव्हता. त्यानं दोन्ही हात वर केले आणि आवाज चढवला.

“पाहिलंत! या बालिकेत माझ्याइतकंच तेज आहे! ही तेजकन्या! काचा लावून हिचं तेज घालवणार होतात तुम्ही!”

आणि लोक वाकले हो! ज्या वहिनींनी परवा भुंगीचं रडणं ऐकून दार लावून घेतलं होतं, त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. कोणी म्हणालं, हिचा हात माझ्या गुडघ्याला लावा. सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. उद्यापासून दारात रांग लागेल. माझ्या आजारी लेकराला खडूच्या गोलात बसवतील. तिचं खोकणंसुद्धा चमत्कार ठरेल.

मी तिला उचलून छातीशी धरलं आणि मासा शिंपीकाकांपुढे केला.

“काका, तुम्ही लावा.”

“मी? अगं, मागच्या खेपेला गुरूंनी मला काठोकाठ निस्तेज ठरवलं होतं.”

“म्हणून तर.”

काकांनी टाचण्या तोंडातून काढून सदऱ्याला टोचल्या, घाबरत घाबरत मासा उजव्या कोपऱ्यात टेकवला. दिवा लागला. काकांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. पुन्हा टेकवला. पुन्हा लागला.

“माझ्यात तेज आलं की काय?”

“मासा बाजूला ठेवा आणि नुसता हात लावा.”

काही नाही.

मी वळले. “आई, आता तुम्ही.”

“माझ्याच्यानं नाही होणार गं.”

“आई, भुंगीचे श्वास तुम्ही अंदाजानं सांगता का?”

“छे! घड्याळ लावून मोजते.”

“का?”

“भीतीनं चुकीचा आकडा मनात येतो,” त्या हळूच म्हणाल्या. “काटा घाबरत नाही.”

“मग हेही तसंच मोजा.”

सासूबाई खाली बसल्या. मासा लावला, काढला, लावला, काढला. दहा वेळा. ओठ हलत होते; त्या मोजत होत्या. दहाच्या दहा वेळा दिवा लागला. मग त्यांनी गुरूंकडे न बघता हात पुढे केला.

“अंगठी काढा हो जरा. आणि आता तुम्ही लावा हात.”

“माझी साधना…”

“काढा.”

अंगठी निघाली. गुरूंचा नुसता हात शिळेवर आला. दिवा ढिम्म.

शिंपीकाकांनी तेवढ्यात शिळा उचलून उलटी केली. “दगड म्हणे! माझी इस्त्री याहून जड आहे.” खालच्या बाजूला काळं जाड कापड होतं. काकांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांच्यातला कारागीर दुखावला. “आणि हे काम कोणी केलंय? शिवलेलं नाही, नुसतं चिकटवलंय. काठसुद्धा दुमडला नाही.” खिशातून शिवण उसवायचं पातं काढून त्यांनी ते कापड टरकावलं.

आत दगड नव्हता. वाळू चिकटवून रंगवलेला प्लास्टिकचा डबा होता. डब्यात मोबाइलमध्ये असते तशी बॅटरी, तिला चार्जर लावायचं भोक, दोन वायरी आणि उजव्या कोपऱ्यात काचेची बारीक नळी. नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. मी मासा जवळ नेला. पट्ट्या टेकल्या, दिवा लागला. लांब नेला. सुटल्या, विझला. चुंबकानं चालणारं साधं बटण. आठवड्यातून एकदा तेज भरायचं म्हणजे चार्जिंग करायचं.

“पण मग टाकीमागेच का?” एका वहिनीनं विचारलं. “तिथे तर सावली.”

“म्हणूनच,” मी म्हटलं. “एवढासा दिवा भर उन्हात दिसेल का? सावलीतच दिसणार. आणि सौरसंच जिथे बसणार, नेमकी ती जागा त्यांना मेलेली ठरवायची होती. तिथे डावा हात धरला की झालं. आठवडाभर आपण या माणसाच्या सोयीसाठी ओले कपडे घातले.”

“तरी मी म्हणत होतो, विजार ओलीच आहे!” शिंपीकाका म्हणाले.

पाच घरांचे पैसे तिथेच परत झाले. चौकीवर तक्रार द्यायला शिंपीकाका डबा बगलेत मारून स्वतः गेले, आणि तळमजल्यावरचे दोन दणकट भाऊ गुरूंना मधे घेऊन त्यांच्याबरोबर. जिन्याच्या तोंडाशी सासूबाईंनी हाक मारली. “अहो, छत्री राहिली. घेऊन जा. मधल्या भागात ऊन फार आहे.”

पाचला वीस मिनिटं कमी असताना आठही सह्या झाल्या. सासूबाईंची शेवटची. सही करण्याआधी त्यांनी दोनदा भुंगीकडे पाहिलं. भीती अशी एका दुपारी जात नाही. पण सही नीट वळणदार झाली.

याला आता चार महिने झाले. गच्चीच्या मधोमध, नऊ ते चार सावली नसलेल्या जागेवर, काचांच्या रांगा आहेत. भोवतीच्या दोऱ्यांवर सगळ्यांचे कपडे आहेत, कडक वाळलेले. दुपारी एकला गल्लीतले पंखे थांबतात आणि आमच्या घरात वाफाऱ्याचं यंत्र घुरघुरत राहतं. भुंगी मास्कआडून गुणगुणते. सासूबाई घड्याळ धरून मोजतात. काल बत्तीस होते. आठवड्यातून एकदा त्या ओलं फडकं घेऊन काचांवरची धूळ पुसतात. धूळ बसली की वीज कमी येते, हे त्यांना मोजणीवालीनं सांगितलं. त्यांनी ते लगेच मानलं नाही. पुसायच्या आधी आणि नंतर मीटरचा आकडा लिहून पाहिला, मग मानलं.

बायांनो, आणि बाप्यांनोही, तुमच्याही डोक्यावर छप्पर आहे. त्यावर किती ऊन पडतं हे कोणा गुरूला विचारू नका. एक काठी उभी करा, तिची सावली तासातासानं खडूनं आखा. दोन लंगोटं दोन कोपऱ्यांत वाळत घाला. जी गोष्ट सगळ्यांच्या हातून सारखीच घडते ती खरी धरा. जी एकाच्याच हातून घडते, तिथे आधी त्याचा हात बघा. आणि तुमच्या लेकराच्या नावानं कोणी भीती घातली, तर त्याच क्षणी दुप्पट सावध व्हा, कारण तेव्हा आपण सगळ्यात कमी विचार करतो.

परवा जिन्यात एक बाई सासूबाईंना सांगत होत्या की पलीकडच्या गल्लीत एकाच्या घरी भिंतीतून आपोआप अत्तराचा वास येतो. लोकांची रीघ लागली आहे.

सासूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग वर तोंड करून मला हाक मारली.

“अगं ए, चपला घाल. आणि येताना भुंगीला घे, तिचा मासा घे.”